मोकळे झालेले सांधे

चहा यायला वेळ आहे तोवर मी माझीच अब्रू काढतो. नाहीतरी ती बोईसरपासून एडवणपर्यंत निघालेलीच आहे. तुमच्याकडे अजून पोचली नसेल तर आज ना उद्या पोचेल. मग दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका की! फक्त मध्ये हसू नका. म्हणजे हसा, पण समोरच्या माणसाला लाज वाटते आहे एवढं ध्यानात ठेवून हसा.

मी मूळचा साताऱ्याकडचा. धाकटा भाऊ तारापूरच्या एमआयडीसीत लागला, त्याच्या मागोमाग मी बोईसरला आलो आणि एका शाळेत भूगोल शिकवायला लागलो. सगळी नोकरी तिथेच झाली. भूगोल शिकवलाच, पण त्याहून जास्त मी पोरांच्या उच्चारांच्या मागे लागलो. इकडे बोलताना 'ह' खायची पद्धत. आम्हीचं आमी, तुम्हीचं तुमी, नाहीचं नाय. मी वर्गात ओरडायचो, "अरे, ह म्हणजे काय शेंगदाणा आहे का, येता-जाता तोंडात टाकायला?"

किती माज होता बघा मला! हा माज लक्षात ठेवा, पुढे तो कसा उतरला ते सांगतो.

निवृत्त झालो आणि घरात नुसता बसून राहिलो. बायको म्हणाली, "तुम्ही कुठेतरी जा. कुठेही जा. पण जा." त्याच सुमारास पालघरच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एक निसर्ग उद्यान झालं होतं. झाडं, पाऊलवाट, पोरांसाठी झोके, आणि वरच्या अंगाला निसर्गाने घडवलेले दगडी खांब. काळ्याभोर दगडाचे उंचच्या उंच खांब, पाच-सहा बाजूंचे, एकाला एक खेटून उभे. लोक यायचे, खांबांपुढे फोटो काढायचे आणि 'पांडवांनी एका रात्रीत बांधलं' असं एकमेकांना सांगून वडापाव खायला जायचे. मला ते बघवेना. मी उद्यानवाल्यांना म्हटलं, दर रविवारी येऊन मी लोकांना या खडकांचं शास्त्र समजावून सांगतो. ते लगेच हो म्हणाले. मी उन्हाची टोपी घेतली, दाखवायला एक छडी घेतली, आणि मनाशी पण केला की एकही इंग्रजी शब्द वापरायचा नाही. आपल्या दगडांचं शास्त्र आपल्या मराठीत!

आता ते शास्त्र दोन वाक्यांत तुम्हालाही सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. फार फार पूर्वी जमिनीच्या भेगांतून तापलेला, पातळ दगडाचा रस वर आला. तो लाव्हा. तो पसरला, थंड झाला, थंड होताना आकसला आणि त्याला उभ्या चिरा पडल्या. या चिरांना इंग्रजीत जॉइंट म्हणतात. मी म्हणायचो सांधे. हे सांधे उघडले, मोकळे झाले, म्हणून मधले खांब वेगवेगळे दिसतात. एवढंच. आणि याचं सार म्हणून मी एक वाक्य बसवलं होतं. आरशासमोर उभं राहून घोकलं होतं.

"लाव्हा थंड झाला की सांधे मोकळे होतात!"

सुटसुटीत आहे की नाही? मलाही तसंच वाटलं होतं.

पण एक गोष्ट सांगायची राहिली. त्याच महिन्यात मी नवी कवळी बसवून घेतली होती. नवी कवळी म्हणजे तोंडात दुसऱ्याचे दात घेऊन हिंडल्यासारखं असतं. जीभ जाते एकीकडे, दात राहतात दुसरीकडे. आणि जोराने 'ह' म्हटला की वरची कवळी पुढे यायची. त्यामुळे मी जरा जपून, ह अंमळ हळू काढत होतो. हळू म्हणजे किती हळू? बायको म्हणायची, ऐकूच येत नाही. मी म्हणायचो, तुझे कान गेलेत.

तर त्या रविवारी, थंडीचे दिवस होते, किनाऱ्यावरच्या एडवण गावाहून बायकांचा एक टेम्पो आला. वर्षाकाठी एक सहल काढतात त्या. त्यांच्या म्होरक्या होत्या नर्मदामावशी. धिप्पाड बाई, अंबाड्यात अबोलीचा गजरा, सगळं आयुष्य मासळी विकण्यात गेलेलं. आवाज असा की टेम्पोतून उतरताना बोलल्या ते मला वर खांबांपाशी ऐकू आलं. पण वर चढताना मात्र त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. एका बाईच्या खांद्यावर हात, दुसरा हात स्वतःच्या मांडीवर, आणि प्रत्येक पायरीला "आई गं!"

वर येऊन त्या माझ्या अगदी समोरच्या दगडावर बसल्या, दोन्ही पाय लांब करून. बाकीच्या बायका फोटो काढत होत्या. मावशी माझ्याकडे बघत होत्या. मी छडी उगारली आणि सुरुवात केली. भेगा सांगितल्या, रस सांगितला, आणि मग सगळ्यांनी नीट ऐकावं म्हणून एकेक शब्द तोडून माझं ते वाक्य टाकलं.

"लावा... थंड झाला की... सांधे... मोकळे होतात!"

मावशी ताठ झाल्या. शेजारणीला कोपर मारून म्हणाल्या, "ए, गप. मास्तर कामाचं बोलतो हाय."

अहो, निवृत्त मास्तराला याहून गोड वाक्य दुसरं कुठलं असतं? मी फुललो.

"मास्तर, गरम गरमच का?" मावशींनी विचारलं.

"अहो, गरम म्हणजे किती! जवळ जाता येणार नाही इतका गरम!"

"मंग थंड करायचा."

हे 'करायचा' मला खटकायला नको होतं? व्याकरणावरून पोरांचे कान धरणारा मी! पण मी कौतुकाने आंधळा झालो होतो. म्हटलं, "होऊ द्यायचा, मावशी. आपोआप. जितका सावकाश थंड होईल, तितके सांधे सुरेख."

"आनि थर कसा? जाड का पातळ?"

थर! त्या स्वतःहून थर म्हणाल्या! सगळ्या नोकरीत एका विद्यार्थ्याने मला हा प्रश्न विचारला नव्हता. मला खरंच गहिवरून आलं.

"जाड! चांगला जाड! आणि एकावर भागत नाही. पहिला थंड झाला की त्याच्यावर दुसरा, मग तिसरा."

"आनि ही तांबडी माती?" त्यांनी खांबांच्या खालच्या अंगाला बोट दाखवलं. तिथे तांबड्या, भुसभुशीत मातीचा एक पट्टा आहे.

"तिला तर विसरूच नका! वरून गरम थर बसला की खालची माती भाजून अशी तांबडी होते."

"फरक कदी पडतो?"

मी समजूतदारपणे हसलो. "मावशी, दोन-चार दिवसांत काही दिसत नाही. फार काळ जावा लागतो. निसर्गाच्या कामात उतावीळपणा चालत नाही."

"खरं हाय," त्या म्हणाल्या. "ह्या डॉक्टर लोकांना लय घाई."

आता डॉक्टर मध्येच कुठून आले? मला कळलं नाही. पण वडीलधारी माणसं बोलता बोलता कुठेही जातात, म्हणून मी आपली मान डोलावली. जोरात डोलावली. ती मान डोलावल्याचा मला आजही पश्चात्ताप होतो.

"समद्यांचे मोकळे होतात?"

"सगळ्यांचे! इथून नाशिक घ्या, पुणे घ्या, आमचा सातारा घ्या. जिथं जिथं हा काळा दगड, तिथं तिथं!"

मावशींनी दोन्ही हात जोडून मला नमस्कार केला. मग बायका त्या तांबड्या पट्ट्यापाशी गेल्या आणि रुमालात माती भरायला लागल्या. उद्यानातून काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही असा नियम आहे आणि तसा फलक माझ्या डोक्यावरच होता. पण मी म्हटलं, नमुना नेताहेत बिचाऱ्या अभ्यासाला! मी माझं वर्तमानपत्र फाडून त्यांना पुड्या बांधून दिल्या. माझ्या हाताने! एवढंच नव्हे, "ओल लागू देऊ नका" असंही सांगितलं.

घरी जाऊन बायकोला म्हटलं, "अगं, आज एक बाई भेटल्या. त्यांना शिकायला मिळालं असतं तर आज त्या कुठच्या कुठे असत्या." बायको लसूण सोलत होती, ती म्हणाली, "बरं."

पुढचा रविवार उजाडला. उद्यानाच्या फाटकापाशी ही गर्दी! टेम्पो, रिक्षा, एक अख्खी मिनीबस. पालघरजवळच्या माहीमची माणसं, माकुणसारची माणसं, बोईसरच्या कॉलन्यांमधली माणसं. फाटकावरचा माणूस म्हणाला, "सर, समदी तुमालाच विचारत हायेत." मी टोपी सारखी केली. बायकोला फोन लावला आणि म्हटलं, "गर्दी ऐकू येतेय का? भूगोलाची आहे ही!"

नंतर माझ्या ध्यानात यायला लागलं की सगळे लंगडतायत. मी म्हटलं, चढ आहे. मग ध्यानात आलं की तरुण माणूस एकही नाही. मी म्हटलं, तरुणांना ज्ञानाची ओढ राहिलीच नाही. मग एक आजी माझ्या पाया पडल्या. मी म्हटलं, जुनी माणसं, गुरूचा मान ठेवतात. सांगा, माझ्यासारखा गाढव तुम्ही कधी पाहिलात का?

मग जगदाळे पुढे आले. कंपनीतून निवृत्त झालेले, माझ्याच साताऱ्याकडचे, तोंडओळख होती. त्यांच्या हातात स्टीलचा डबा आणि चमचा.

"सर," ते दबक्या आवाजात म्हणाले, "आमचं डावं गुडघं लई दुखतंय. उजवं एवढं नाही. तर डाव्याला दोन थर लावू का?"

"कशाचे थर?"

"ह्या मातीचे. तुम्हीच सांगितलंय न्हवं? लावा, थंड झालं की सांधे मोकळे होतात."

त्या एका क्षणात मागच्या रविवारचं सगळं संभाषण डोक्यातून परत गेलं. गरम गरमच का? जाड का पातळ? फरक कधी पडतो? आणि ते डॉक्टर! अरे देवा, ते डॉक्टर!

मी तिकडे बघितलं. तांबड्या पट्ट्यापाशी झुंबड उडालेली. चमचे, उलथणी, एकाकडे खुरपं. जो थर तयार व्हायला युगं गेली, त्याला माणसांनी सकाळपासून चांगलं हात आत जाईल एवढं बीळ पाडलं होतं. आणि बिळापाशी बसून बायामाणसं पोटऱ्यांपर्यंत लुगडी वर करून गुडघे सारवत होती.

मी धावत ऑफिसातून कर्णा आणला आणि दगडावर चढलो.

"थांबा! थांबा! गैरसमज झालाय! मी लावा म्हणालो! लावा नाही म्हणालो!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"काय म्हनाला?" मागून कुणीतरी विचारलं.

"लावा म्हनाला."

"अहो, लावा नव्हे! लावा! लाव... लाव्..." मी जिवाच्या आकांताने तो ह बाहेर काढला आणि 'ह'बरोबर कवळीही बाहेर आली. कर्ण्यात जाऊन खडखडली. पुढच्या माणसांनी आदराने नजर दुसरीकडे वळवली. ज्याने जन्मभर दुसऱ्यांचे ह मोजले, त्याच्यावर ही वेळ यावी! मी पाठ फिरवून दात बसवले आणि व्याकरणाच्या आधाराला गेलो.

"हे बघा, तो शब्द म्हणजे क्रिया नाही. ते नाम आहे, नाम!"

"बगा," एक म्हातारे बाजूच्याला म्हणाले, "नाम घेत लावायचा. म्हनून आमाला फरक नाय पडला."

आणि शपथेवर सांगतो, पलीकडून पुटपुटणं सुरू झालं. श्रीराम जयराम!

मी मराठीचा पण मोडला. म्हटलं, मरू दे, इंग्रजी तर इंग्रजी! "अहो, सांधे म्हणजे माणसाचे नव्हेत! इंग्रजीत याला जॉइंट म्हणतात, जॉइंट!"

जगदाळ्यांचा चेहरा उजळला. "तेच की! जॉइंट पेन! आमच्या डॉक्टरनंबी हेच लिहून दिलंय."

एक कामगार घाम पुसत पुढे आला. "बाबाजी, कमर पे भी लगा सकते हैं क्या?"

मी कर्णा खाली ठेवला. म्हटलं, आता काहीही बोललो तरी ते औषधातच जाणार. उद्यानवाल्यांनी शेवटी फाटक बंद केलं, दोरी बांधली आणि लोकांना खाली नेलं. जाताना लोक मला धन्यवाद देत होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आतापर्यंत तुम्ही हसलात, हरकत नाही. मीसुद्धा संध्याकाळी घरी बायकोला सांगताना थोडा हसलो. बायको तर लोळून हसली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक मुलगी उभी राहिली आणि माझं हसणं तिथेच संपलं. नर्मदामावशींची लेक, कल्पना. बोईसरला कंपनीत पॅकिंगला जाते. कामाचा खाडा करून आली होती.

"तुमीच ते मास्तर ना?" तिचे डोळे रडून सुजलेले. "माज्या आयचं परवा गुडग्याचं ऑपरेशन हाय. किती महिने नंबर लावून तारीख मिळाली. आता ती म्हनते, जानार नाय. मास्तरनी माती सांगितली हाय, मास्तर म्हनाला डॉक्टर लोकांना घाई असते. औशद पन बंद केलंय तिनी. ही तारीख गेली तर परत कदी मिळेल, कोन जाने. तवर ती पार बसून जाईल हो!"

मी म्हटलं, "पण मी असं म्हणालो नाही गं..."

"मंग मान कुनी हलवली?"

बायकोने तिला पाणी दिलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी गपचूप चपला घातल्या. कल्पनाच्या स्कूटीवर मागे बसून मी एडवणला निघालो. म्हातारा माणूस, टोपी घालून, शाळेच्या पोरासारखा तक्रारीवर घरी नेला जात होतो.

मावशी ओटीवर बसल्या होत्या. दोन्ही गुडघे तांबड्या मातीने लिंपलेले, वर फडकी बांधलेली. मला बघून त्यांचा चेहरा केवढा खुलला! "आला माजा मास्तर! बस. कल्पे, च्या टाक. मास्तर, तीन थर झाले बग."

तुमीवरून तू झालं होतं. इकडे 'तू' म्हणजे घरचा माणूस. मी घरचा झालो होतो, आणि कशामुळे झालो होतो ते आठवून मला बसवेना.

फडकं बाजूला केलं तर गुडघा पहिल्यापेक्षा सुजलेला, आणि मातीखाली कातडी लालसर झालेली. मी म्हटलं, "मावशी, धुऊन टाका हे. हे औषध नाही. मी दगडांचं सांगत होतो. तो लाव्हा म्हणजे दगडाचा रस. सांधे म्हणजे दगडाच्या चिरा. तुमच्या गुडघ्यांशी त्याचा काही संबंध नाही. तुम्ही परवा दवाखान्यात जा."

त्यांनी फडकं परत गुडघ्यावर ओढून घेतलं. मग त्यांचा तो दांडगा आवाज एकदम बारीक झाला.

"मास्तर, खरं सांगू? मला कापायचं लय भ्या वाटतं. मासळी जल्मभर कापली मी, पन सोताला... तू मातीचं बोल्लास, मला इतकं बरं वाटलं. मनाला वाटलं, सुटली मी."

तेव्हा मला जी लाज वाटली ना, ती कवळी पडली तेव्हाची नव्हे. ती लाज चारचौघांतली होती, हसण्यावारी नेता आली. ही वेगळी. एका घाबरलेल्या बाईला मी खोटा धीर दिला होता, आणि तेसुद्धा स्वतःच्या कौतुकात बुडून. तिने काय विचारलं हे मी एकदाही धड ऐकलं नव्हतं. मला फक्त मी कसा बोलतो तेच ऐकू येत होतं.

"मी येतो तुमच्याबरोबर दवाखान्यात," मी म्हटलं. "तुम्ही आत असेपर्यंत बाहेर बसतो. पण जा."

"जाईन," त्या म्हणाल्या. "पन मी समद्या गावाला सांगितलंय, मास्तरचं औशद खरं हाय. आता मीच दवाखान्यात गेली तर मी खोटी पडली. ते तू निस्तर. समद्यांना तूच सांग."

आणि मी हो म्हणायच्या आत त्यांनी मूळचा आवाज लावला. समोर अंगणात बोंबील सुकत घातले होते, तिथल्या बायका आल्या. शेजारच्या आल्या. ज्यांचे गुडघे तांबडे होते त्या तर सगळ्याच आल्या. मी ओटीच्या कडेला उभा राहिलो आणि घसा साफ केला.

"भगिनींनो, शास्त्रीय परिभाषेत काही शब्द..."

"मास्तर, सरळ बोल," मावशी मागून म्हणाल्या.

"म्हणजे असं, की तुमच्या ऐकण्यात थोडी..."

"आमच्या ऐकन्यात?"

"नाही. माझ्या बोलण्यात. माझ्या बोलण्यात चूक झाली. मी..." छडी नव्हती, कर्णा नव्हता, हात कुठे ठेवावेत कळेना. "मला सांध्यांतलं काहीही कळत नाही."

"काय?" एका म्हाताऱ्या बाईने कानाला हात लावला.

"मला सांध्यांतलं काही कळत नाही!" मी ओरडलो. बोंबलांवरचे कावळे उडाले.

"मंग तुला कशातलं कळतं?"

"दगडांतलं."

"म्हंजे तू इतका वेळ दगडाचे सांधे सांगत होतास? दगडाचे? दगडाला दुकतात होय रे?"

आणि मग सगळं अंगण हसायला लागलं. काय हसल्या त्या बायका! पदर तोंडाला लावून, एकमेकींच्या अंगावर पडून. मावशी तर इतक्या हसल्या की हसता हसता त्यांनी स्वतःच्याच गुडघ्यावर थाप मारली आणि "आई गं!" म्हणून कळवळल्या. मग डोळे पुसत कल्पनाला म्हणाल्या, "पानी आन गं. धुते हे. मास्तराचं काय खरं नाय."

कल्पना पाणी घेऊन आली तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघून जराशी हसली. चहाही मिळाला. मी खाली मान घालून प्यायलो.

ठरल्या दिवशी मी गेलो. मावशींना आत नेताना त्यांनी माझा हात असा आवळला की माझ्याच बोटांचे सांधे मोकळे होतात की काय असं वाटलं. दार बंद झालं आणि मी नि कल्पना बाकावर बसलो. मी कधी देवाला फारसं काही मागत नाही. त्या दिवशी मागितलं. म्हटलं, हिला नीट बाहेर आण, मी परत छडीला हात लावणार नाही. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, सगळं व्यवस्थित झालं. कल्पना रडली. मीही रडलो, पण मी टोपी खाली ओढून घेतली होती.

काही दिवसांनी मी मोसंबी घेऊन बघायला गेलो. लांबच लांब बायकांचा वॉर्ड, ओळीने खाटा, सगळ्या गुडघ्यांच्या आणि कमरांच्या. आणि मधल्या वाटेने मावशी वॉकर धरून चालत येत होत्या! हळूहळू, पण सरळ, आणि तोंडाने "आई गं" नाही. मला बघून जागच्या जागी थांबल्या आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ह्यो बगा! मी सांगत होती ना, त्योच ह्यो मास्तर!"

सगळ्या खाटांवरच्या माना वळल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? वाटलं, झालं गेलं विसरल्या. आता चार चांगले शब्द बोलतील.

"मानूस लय चांगला हाय," मावशी म्हणाल्या. "माज्यासाटी बाहेर बसला होता बिचारा. निस्ता त्याला बोलू देऊ नका."

मी म्हटलं, निदान सगळ्यांची विचारपूस तरी करावी. मोसंब्यांची पिशवी खाली ठेवली, घसा साफ केला आणि तोंड उघडलं.

ओळीतल्या सगळ्या बायकांनी चादरी गुडघ्यांवर ओढून घेतल्या.